तीन वर्षांची एमडी आणि हाताला लागलेला एकच पावसाळा

हे प्रकरण आमच्याच युनिटमधलं आहे आणि त्यातली निम्मी चूक माझी आहे, ते आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे वाचताना कोणी मला शहाणा समजायला नको. मी कोकणातल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनला असोसिएट प्रोफेसर आहे. कॉलेज कुठलं ते सांगत नाही, जिची गोष्ट आहे तिचं नावही सांगत नाही. ती देवगड बाजूची, वडलांची थोडी हापूसची कलमं, थोडं भात, एमबीबीएस मुंबईत केलेलं, आणि एमडीला आमच्याकडे जॉइन झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. हा महिना लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यातूनच आहे. नीट पीजी २०२१, म्हणजे एमडीची प्रवेश परीक्षा, कोविडमुळे ढकलत ढकलत सप्टेंबरात झाली, मग आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, काउन्सेलिंग लटकलं, आणि ती अख्खी बॅच थंडी संपता संपता वॉर्डात आली.

जॉइन होऊन दहा दिवस झाले नसतील, ओपीडी संपल्यावर तिने मला विचारलं, सर मला पुढे टीचिंगमध्येच राहायचंय, काय करावं लागेल? हा प्रश्न मला सहसा थर्ड इयरचे विचारतात, तोही प्रायव्हेटमधलं पॅकेज मनासारखं जुळलं नाही की. फर्स्ट इयरला कोणी विचारलं नव्हतं. मी एका कोऱ्या केसपेपरच्या मागे जिना काढून दिला. एमडी पास हो, मग मान्यताप्राप्त कॉलेजात एक वर्ष सिनिअर रेसिडेंट, मग असिस्टंट प्रोफेसर, तिथे चार वर्षं आणि दोन पेपर झाले की असोसिएट, मग अजून तीन वर्षं आणि अजून पेपर झाले की प्रोफेसर, आणि वाटेत दोन कोर्स, एक आयसीएमआरचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, रिसर्चवाला बीसीबीआर जो ऑनलाइन होतो, दुसरा शिकवायचं कसं ते शिकवणारा. पाच मिनिटांत झालं. त्यातलं एक अक्षर चुकीचं नव्हतं. पण उद्या सकाळी उठून काय करायचं याबद्दल त्या कागदावर एक ओळ नव्हती, आणि तिला तेच हवं होतं.

टॉपिक मात्र तिने स्वतः आणला. लेप्टोमध्ये, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापात, किडनी कधी आणि कशी बसते. ती शाळेत असताना वाडीतला एक धडधाकट बाप्या लावणी आटपून आला, ताप आला, डोळे लाल, मग पिवळे, चार दिवसांत गेला. लोक म्हणाले कावीळ डोक्यात गेली. तिला एमबीबीएसच्या थर्ड इयरला लेक्चरमध्ये बसल्या बसल्या कळलं की तो कशाने गेला. असला विद्यार्थी गाइडला दहा वर्षांत एखादा मिळतो, बाकीच्यांना आम्ही मागच्या बॅचचा टॉपिक किंचित फिरवून देतो, खोटं कशाला बोलू.

लेप्टो काय प्रकार आहे ते इकडच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात: उंदराच्या नाहीतर गुराच्या मुतातून जंतू चिखलात येतो, पायाला कापलेलं खरचटलेलं असलं की तिथून शरीरात, आणि साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, पोटऱ्या धरून येणं, डोळे लालबुंद. बहुतेक लोक बरे होतात, पण काहींच्या किडनीवर आणि फुफ्फुसावर जातो, आणि तो जातो तेव्हा फार वेगाने. यातली किडनी थोडी फसवी असते, लघवी नीट होत असते, पोटॅशियमही वाढलेलं नसतं, उलट कमी असतं, त्यामुळे रात्रीचा इंटर्न निवांत असतो आणि सकाळी क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली ते सांगणारी रक्ततपासणी) बघून सगळे पळतात. कोकणात हे सगळं जूनच्या मध्यावर चालू होतं आणि ऑक्टोबरात ओसरतं. डिसेंबरात लेप्टो शोधायला गेलात तर वॉर्डात दमेकरी आणि हार्ट फेल्युअर भेटतील, लेप्टो क्वचित.

आता माझी चूक. विद्यापीठाला सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, पहिल्या सहा महिन्यांत हवा असतो. मी हिशेब केला फेब्रुवारी ते जुलै, भरपूर वेळ आहे, आधी वॉर्डाचं काम शिकू दे. आणि वॉर्डाचं काम म्हणजे काय तर फर्स्ट इयरला छत्तीस छत्तीस तास. कागदावर १९९२ ची रेसिडेन्सी स्कीम आठवड्याला ४८ तास म्हणते, २०२३ चे नवे नियम तर 'वाजवी तास' म्हणून मोकळे झाले, आता वाजवी म्हणजे किती ते ज्याच्या त्याच्या एचओडीवर, म्हणजे विभागप्रमुखावर. त्या छत्तीस तासांतून तिने सिनॉप्सिस लिहिला, मी तो तीन आठवडे टेबलावर ठेवला (लग्नसराई होती, माझ्या भाचीचं होतं), तो एथिक्स कमिटीला, म्हणजे पेशंटवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीला, गेला जूनच्या शेवटी. कमिटी बसते तीन महिन्यांतून एकदा. पहिल्या मीटिंगला बाहेरचे वकील मेंबर आले नाहीत, कोरम नाही. अप्रूव्हल हातात आलं ऑक्टोबरात, ओढ्यांचं पाणी निवळ झाल्यावर.

म्हणजे २०२२ चा अख्खा पावसाळा तिने लेप्टोचे पेशंट बघितले, रात्री दोनला डायलिसिसला लावले, नातेवाईकांना समजावलं, त्यातले काही गेले, आणि त्यातला एकही पेशंट तिच्या थिसिसमध्ये येऊ शकत नव्हता कारण कमिटीचा कागद नव्हता, संमतीपत्र नव्हतं.

आणि पुढचा हिशेब मग तिनेच मला बोटं मोडून दाखवला, नोव्हेंबरात, कॅन्टीनमध्ये. परीक्षा २०२४ संपता संपता. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा, म्हणजे जून २०२४, म्हणजे तो पावसाळा सुरू व्हायच्या आत. २०२२ चा गेला. उरला २०२३. सर, तीन वर्षांची एमडी आणि पावसाळा एकच, असं म्हणाली. मी या कॉलेजात इतकी वर्षं गाइड आहे, इतक्यांचे लेप्टोचे, डेंग्यूचे, सर्पदंशाचे थिसिस केले, आणि हे गणित मी एकदाही मांडलं नव्हतं. विद्यापीठाचं कॅलेंडर एक आणि रोगाचं कॅलेंडर एक, आणि आम्ही सगळे पहिलंच भिंतीवर लावतो. मुंबईत डायबेटिसवर थिसिस करणाऱ्याला फेब्रुवारी काय नि ऑगस्ट काय, ओपीडीला रांग असतेच. इकडे तसं नाही. इकडचा जो रोग खरोखर अभ्यासण्यासारखा आहे तो पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो, आणि नंतर पोरं त्याच कारणाने टॉपिक बदलून बारमाही काहीतरी घेतात. आमच्या लायब्ररीत थिसिसची कपाटं बघा, हायपरटेन्शनचे ढीग आहेत.

सॅम्पल साइझ शंभर ठरला होता. का शंभर, तर फोर पीक्यू भागिले एल स्क्वेअर हे सूत्र, प्रमाण ५० टक्के धरा आणि एरर १० टक्के, उत्तर बरोबर १०० येतं, म्हणून महाराष्ट्रातल्या अर्ध्या थिसिसांचा सॅम्पल शंभरच असतो, हा योगायोग नव्हे.

मग एप्रिल २०२३ ला दुसरा दणका. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचं शेड्यूल लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०२० च्या नियमबदलापासून प्रत्येक पीजीला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. हिची पाळी लागली जुलै ते सप्टेंबर, आमच्या वॉर्डापासून साठ-सत्तर किलोमीटर लांब. म्हणजे जो एक पावसाळा उरला होता त्यातच तिला कॉलेजातून उचललं. ती रडली नाही, पण दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मी आणि एचओडी दोघांनी तारखा बदलून घ्यायची खटपट केली, हो, मीही केली, ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं की तारखा वरून येतात. एचओडींनी एक सल्लाही दिला की टॉपिक सोड, रेट्रोस्पेक्टिव्ह, जुन्या केसपेपरांवरचं, काहीतरी घे, रिसर्च करायला केईएम आहे, वेल्लोर आहे, आपण आपली पेशंट केअर करावी.

इथे मला नेहमी महाड आठवतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, विंचू चावून धडधाकट माणसं फुफ्फुसात पाणी होऊन जात होती, त्यांनी वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली, १९८२ ला लॅन्सेटमध्ये आलं, मग प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून बघितलं आणि मृत्यू कुठच्या कुठे खाली आले, २०११ ला महाडातलीच ट्रायल बीएमजेमध्ये, २०२२ ला पद्मश्री. कुठल्या कॉलेजात प्रोफेसर म्हणून बसून नाही केलं हे. एचओडींना हे मी बोललो नाही अर्थात, प्रमोशनची फाइल त्यांच्याकडेच होती.

वाट काढली पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, मॅडमनी. त्या को-गाइड होत्या, नावापुरत्या असं आम्ही समजत होतो. त्यांनी मला सरळ विचारलं, तुमच्याकडे जे लेप्टोचे पेशंट येतात ते येतात कुठून हो? जिल्हा रुग्णालयातूनच ना रेफर होऊन? म्हणजे तुमच्याकडे पोचेपर्यंत तीन दिवस गेलेले, क्रिएटिनिन चढलेलं, जे तिकडेच बरे झाले ते तुम्हाला दिसतच नाहीत. तुमच्या वॉर्डात बसून किडनी कधी बसते याचा अभ्यास म्हणजे आग विझल्यावर गेलेल्या बंबाने आग कशी लागली ते सांगणं. पोरीला पाठवताहेत तर पाठवा की, ती उगमापाशीच चाललीय.

मला हे सुचलं नव्हतं याची लाज आजही वाटते.

मग धावपळ. एथिक्स कमिटीला प्रोटोकॉलमधला बदल, नवी साइट, जिल्हा शल्य चिकित्सकांचं परवानगीपत्र, संमतीपत्र मालवणी बोलणाऱ्याला कळेल अशा मराठीत पुन्हा लिहून. या वेळी मी फाइल टेबलावर ठेवली नाही, स्वतः घेऊन हिंडलो. तरी जुलैचे पहिले तीन आठवडे गेलेच, ऐन लावणीचे.

जिल्हा रुग्णालयात तिने काय केलं ते तिच्या लॉगबुकवरून आणि फोनवरून सांगतो. पहिली अडचण टेस्टची. लेप्टोची आयजीएम एलायझा ही रक्तातली अँटिबॉडी शोधणारी तपासणी, तिची प्लेट ९६ घरांची असते, चार सॅम्पलसाठी कोणी प्लेट लावत नाही, सॅम्पल जमले की लावतात, रिपोर्ट येईतो पेशंट घरी नाहीतर आमच्याकडे. आणि आयजीएम मुळात पाच-सात दिवसांनी वर येतं, तिसऱ्या दिवशी रक्त घेतलं आणि निगेटिव्ह आलं म्हणून लेप्टो नाही असं होत नाही. म्हणून तिने दुसरं सॅम्पल ठरवलं दहाव्या दिवसाचं. कागदावर दोन शब्द, प्रत्यक्षात दहाव्या दिवशी माणूस शेतात. एक आजी तर वॉर्डातच भांडली, काल रगात काढलास मां, मगे आज परत कित्याक? त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, गणपती १९ सप्टेंबरला, आणि गणपतीच्या आधी चार दिवस वॉर्ड रिकामा व्हायला लागला, ताप अंगात असलेली बाई म्हणते माका घराक जावक व्हया, मुंबयसून सगळे येतले. तिने मग आशाताईंचे नंबर घेतले, गावागावच्या, आणि रविवारी एसटीने जाऊन उपकेंद्रावर सॅम्पल घेऊन आली, आइसबॉक्स मांडीवर. दोनदा वस्तीच्या गाडीशिवाय परतायला काही नव्हतं म्हणून सिस्टरच्या घरी राहिली. याचे लॉगबुकात मार्क नाहीत. लॉगबुकात 'जिल्हा निवासी प्रशिक्षण पूर्ण' एवढीच एक ओळ आहे आणि शिक्का.

आणि तिथे तिला तिचा खरा प्रश्न मिळाला. लेप्टोसाठी फेनचे क्रायटेरिया वापरतात, सुधारलेले. लक्षणांना मार्क, परिसराला मार्क, तपासणीला मार्क, बेरीज २५ झाली की लेप्टो समजा. परिसराच्या भागात पाऊस असेल तर ५, दूषित पाण्या-मातीशी संबंध ४, जनावरांशी संपर्क १. एकूण १०. तिने ऑगस्टात रात्री साडेअकराला फोन केला, सर आपल्याकडे हे दहा मार्क सगळ्यांनाच आहेत. मी म्हटलं म्हणजे? म्हणाली, आषाढ-श्रावणात कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला उभा करा, पाऊस आहे, चिखल आहे, गोठ्यात गुरं आहेत, दहा झाले. त्याला कसलाही ताप येऊदे, दोन, बारा झाले. आणि आयजीएम पॉझिटिव्ह आलं की १५, झाले २७. पण आयजीएम तर आधीच्या इन्फेक्शनचंही महिनोन् महिने राहू शकतं, म्हणजे डेंग्यूचा पेशंटही आपण लेप्टोत मोजत असू. बोलताना तिला धाप लागत होती. मी झोपेत होतो, उठून बसलो. ज्या स्केलवर मी वर्षानुवर्षं थिसिस तपासत आलो त्याची ही बेरीज मी स्वतः कधी करून बघितली नव्हती. स्केल चुकीचं आहे असं नव्हे, पाऊस आणि चिखल ही ज्या गावात बातमी असते तिथे ते दहा मार्क काहीतरी सांगतात, आमच्याकडे ती बातमीच नाही. जोडीच्या सॅम्पलमध्ये टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, चढताना दिसलं तर मात्र खात्री, म्हणून दहाव्या दिवसाच्या त्या रक्तासाठी एवढी तंगडतोड.

सप्टेंबर अखेर ती परत आली, पेशंट साठच्या घरात, आणि दोन्ही सॅम्पल मिळालेले त्याहून बरेच कमी. शंभर नाहीत.

या टप्प्यावर जे होतं ते सगळ्या कॉलेजांत होतं आणि कोणी लिहीत नाही. डिपार्टमेंटमधल्या एकाने तिला सहज आवाजात सांगितलं की मागच्या वर्षीचे आयसीयूचे केसपेपर आहेत की रेकॉर्डरूमला, तारखा थोड्या बघून घे, शंभर भरून टाक, परीक्षक पान नंबर मोजतो, पेशंट नाही. शिवाय थिसिस बनवून देणारे असतातच, मास्टर चार्टपासून बाइंडिंगपर्यंत, मेसेज येतात रेसिडेंट्सच्या ग्रुपवर. ती माझ्याकडे आली आणि विचारलं सर काय करू. मला वाटतं गाइडगिरीतलं मी एकमेव बरोबर काम त्या दिवशी केलं, आणि तेही फार काही नव्हतं, मी म्हटलं जेवढे आहेत तेवढेच लिही, का कमी आले ते एक पानभर लिही, आणि रेकॉर्डरूमचे घ्यायचेच असतील तर कमिटीला विचारून, वेगळा गट म्हणून, वेगळ्या टेबलात. तिने वेगळे घ्यायलाही नकार दिला. ते उशिरा आलेले होते म्हणे, त्यांनी माझा प्रश्न गढूळ होईल.

थिसिस जून २०२४ ला गेला. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तोंडीत विचारलं सॅम्पल का कमी, तिने पावसाळ्याचा हिशेब सांगितला, ते हसले, मग फेनवर आले आणि पंधरा मिनिटं तिथेच राहिले. पास झाली. गोल्ड मेडल वगैरे नाही. पेपर दोन जर्नलांनी परत केला, एकाने लिहिलं सॅम्पल लहान, दुसऱ्याने काही न लिहिताच, तिसऱ्याने दुरुस्त्या मागून घेतला, इंडेक्स्ड आहे, पहिलं नाव तिचं. मधल्या काळात तीन दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्यांचे इमेल रोज येत होते, फक्त पैसे भरा.

आता बाँड. महाराष्ट्रात सरकारी सीटवर पीजी केलं की एक वर्ष सेवा, नाहीतर ५० लाख. तिच्यापुढे दोन जागा होत्या. एक घरापासून वीस मिनिटांवर मोठ्या सरकारी रुग्णालयात फिजिशियन, वडलांचं नुकतंच स्टेंटिंग झालेलं. दुसरी लांबच्या कॉलेजात सिनिअर रेसिडेंट. तेव्हाच्या नियमाने पहिल्या जागेचं वर्ष टीचिंगला धरलं जात नव्हतं, सिनिअर रेसिडेन्सी कॉलेजातलीच हवी. तिने कॉलेज घेतलं. घरी बोलाचाली झाली, आईने महिनाभर फोनवर नुसतं 'जेवलीस?' एवढंच विचारलं.

आणि जुलै २०२५ ला नॅशनल मेडिकल कमिशनने फॅकल्टीचे नवे नियम आणले. किमान २२० बेडच्या सरकारी रुग्णालयात एमडी होऊन दोन वर्षं काम केलेला माणूस आता सिनिअर रेसिडेन्सीशिवाय असिस्टंट प्रोफेसर होऊ शकतो, बीसीबीआर दोन वर्षांत करायचा. दहा वर्षं काम केलेला तर थेट असोसिएट. तिचा फोन, सर हसू की रडू. मी म्हटलं तुझं एकच वर्ष जातंय, तिकडे दोन लागली असती. म्हणाली बाबांजवळ गेली असती ना पण दोन. यावर मला काही बोलता आलं नाही. या नियमावर बरीच ओरड झाली की दर्जा घसरेल, कॉलेजं वाढवायची घाई आहे म्हणून दरवाजे सताड उघडले. घाई आहेच, आमच्या किनाऱ्यावर २०२१ पासून अलिबाग, सिंधुदुर्ग, रत्नागिरी अशी तीन सरकारी कॉलेजं उभी राहिली, शिकवायला माणसं आणणार कुठून. पण मला तो नियम पूर्ण वाईट वाटत नाही, जिल्हा रुग्णालयात ऑगस्ट काढलेल्या माणसाला शिकवायला काही नसतं असं मी आता म्हणू शकत नाही. फक्त दोन वर्षं बेडवर पेशंट बघणं आणि दोन वर्षं त्या पेशंटबद्दल एक प्रश्न धरून बसणं यात फरक आहे, आणि तो सर्टिफिकेटवर दिसत नाही. आणि जागा भरल्या तरी किती काळ, आमच्याकडे निम्मे असिस्टंट प्रोफेसर १२० दिवसांच्या ऑर्डरवर आहेत, दर चार महिन्यांनी एक दिवसाचा ब्रेक देऊन परत, कायम जागा लोकसेवा आयोगाकडून निघेल तेव्हा. अशा माणसाने पाच वर्षांचा अभ्यास काय आखायचा?

ती सध्या सिनिअर रेसिडेंट आहे. जानेवारी २०२५ ला माझ्याकडे नवा जेआर, म्हणजे एमडीचा विद्यार्थी, आला, त्याला सर्पदंश करायचाय, म्हणजे परत पावसाळाच. मी तिला म्हटलं याचा सिनॉप्सिस जरा बघ, अनऑफिशियल. तिने पोराला फेब्रुवारीतच बसवलं, होळीला शिमग्याला गावी गेला तर तिथे फोन करून करून एप्रिलला ड्राफ्ट काढून घेतला, आणि मेमध्ये मला विचारलं सर एथिक्सची मीटिंग कधी आहे. मी म्हटलं २७ जून.

सर, मृग ८ जूनला लागतोय.

मी कमिटीच्या सेक्रेटरींना फोन लावला.